पाठ मिटते कशी

१४ नोव्हेंबर

प्रिय दादा,

नमस्कार. वाकून केला असं समज, कंबर हल्ली परवानगी देत नाही. फोनवर तू विषय बदलतोस, म्हणून लिहिते. पत्राला मध्येच "बरं, ठेवतो" म्हणता येत नाही. गुडघा कसा आहे? लेकीच्या पीएच.डी.च्या तोंडी परीक्षेच्या दिवशीच नेमका धरला. समजूतदार गुडघा आहे.

तर काल तुझ्या जागी मी बसले, वहिनीशेजारी. लेक काय करते असं कुणी विचारलं की तू "अंडी उबवते" म्हणून मोकळा होतोस. ती अंडी मी पडद्यावर पाहिली. कोंबडीचं पिल्लू सुरुवातीला पेशींचा निव्वळ सपाट पापुद्रा असतं. मधोमध पन्हळ पडते. तिथली एकेक पेशी आपलं वरचं तोंड बटव्यासारखं आवळते, पापुद्रा वाकतो, दोन्ही काठ उठून एकमेकांना भिडतात आणि नळी होते. पुढे तीच मेंदू, तीच पाठीच्या कण्यातली मज्जेची दोरी. ना मुकादम, ना मीटिंग! तुमच्या सोसायटीला अजून एक कुंपण सरळ घालता आलेलं नाही.

एका टकल्या परीक्षकांनी चष्म्यावरून पाहत विचारलं, "बाजूच्या पेशी ढकलत असतील. इथल्या स्वतः ओढतात कशावरून?"

"चिरून पाहिलं, सर," तुझी ठकी म्हणाली. तिने तिथे लेझरने केसाहून बारीक चीर दिली होती. पडद्यावर चिरेचे काठ झटकन फाकले. "नुसतं ढकललेलं असतं तर चीर मिटूनच राहिली असती. ताणलेलं होतं, म्हणून उघडली."

टकल्यांनी कागदावर खूण केली. माझी मान एवढी ताठ झाली की मागच्या बाईंना पडदा दिसेना.

मग त्यांनी विचारलं, डॉक्टरकी सोडून हाच विषय का? तू याच प्रश्नावर तिच्याशी बोलणं टाकलंस, म्हणून तिचं उत्तर जसंच्या तसं लिहिते.

"माझ्याआधी घरात एक भाऊ जन्मला होता. त्याची पाठ मिटली नव्हती. तो जगला नाही. घरी त्याच्याबद्दल कुणी बोलत नाही, म्हणून कोंबडीला विचारलं."

हसावं की नाही, कुणालाच कळेना. वहिनीने माझा हात घट्ट धरला. तिनेच सांगितलंय लेकीला, केव्हाच. रागावू नकोस.

बाहेर आल्यावर ठकी म्हणाली, "आत्या, बाबांना अजून वाटतं, घर बदलताना आईला ट्रंका उचलू दिल्या म्हणून झालं. पण पाठ मिटायची ती पहिल्या महिन्यातच मिटते. आईला तेव्हा दिवस गेल्याचंही माहीत नसतं. ट्रंका खूप नंतरच्या."

दादा, इतकी वर्षं तू त्या ट्रंका उचलतोयस. तुझ्या लेकीने त्या तुझ्या हातून उतरवल्यात, आणि हे करायला तिला पीएच.डी. करावी लागली. असली हट्टी पोर आपल्याच घरात निपजू शकते, याचा मला काल इतका गर्व झाला की काही विचारू नकोस.

रविवारी ती येईल. बोलता नाही आलं तर नुसतं ऐक. आणि त्याच्याबद्दल एकदा तरी तिला सांग, तो दिसायला कसा होता. वहिनीलाही तेव्हा त्याला दाखवलं नव्हतं; ते तुझ्याशिवाय कुणालाच माहीत नाही.

तुझी बहीण,
तुझ्या दोन्ही मुलांची आत्या