आईसाठी राखलेलं चार्जिंग

विश्रांतवाडी, पुणे

बाबा, आधी तुम्हा दोघांना नमस्कार, मग गाडीचं सांगते.

इलेक्ट्रिक गाडी छान आहे, अजिबात आवाज नाही. फक्त सोसायटी पार्किंगमध्ये चार्जिंग पॉइंट बसवू देत नाही, आग लागेल म्हणे. हे विनवायला गेले, तर अध्यक्ष म्हणाले, "गाडी घेताना आम्हाला विचारलं होतंत?"

शेवटी खराडीत अर्धा रविवार रांगेत बसून चार्ज करून आणली. ऑपरेशनला येताना आईच्या गुडघ्याला स्टेशनपासून रिक्षाचे धक्के नकोत, म्हणून ते चार्जिंग तसंच राखून ठेवलंय. आम्ही दोघं बसने ऑफिसला जातो. सवय झालीय, काळजी करू नका.

आईची सूज कमी झाली का?

गाडी नुसती उभी असली तरी बॅटरी थोडी थोडी उतरते. मी रोज खाली जाऊन बघून येते. तुमचं निघायचं नक्की कधी?

तुमची,
दीपमाला