पल्याडचा माळ

माय, जीपमधून सगळ्यात आधी कोण उतरलं असंल? भावजय! नदीच्या ह्या काठाला, मोगलाईत पाय ठेवणार न्हाई म्हणायची, तीच. गुडघ्याचं गाऱ्हाणं सांगत उतरली, चहात साखर कमी म्हणाली. मागून तुझा धाकटा लेक, आणि त्याची नात, जिच्या लग्नाचं आवतन घेऊन आले होते. पैनगंगेवर पूल झाला तवा कुठं माहेरचं माणूस माझ्या दारात आलं.

तुला तरी काय बोलू? मला इकडं दिलंस आणि तुमच्या काठावर उभी राहून रडलीस, त्या माळावर लेकरू काय खाईल म्हणून. तिकडून आमचा खडकाळ उतारच दिसतो. म्हणून दर संक्रांतीला बाजारच्या हळदीची पुडी नावेतून धाडायचीस. तुझ्यामागं भावजयीनं ती रीत मोडली न्हाई. उतारामागं काळी माती हाय, कुरुंद्याहून बेणं आणून आमीच हळद लावली, किती निरोप धाडले. धाकटा हसण्यावारी न्यायचा. माझं एकच मागणं होतं, माहेरच्या एका तरी नवरीला माझ्या रानातली हळद लागावी.

ह्या बारीलाही भावजयीनं पिशवीतून पुडी काढली. मी सगळ्यांना घेऊन टेकाड चढले. पलीकडं आमचं रान, मोठ्या कढईत हळद शिजून राहिली, वाफेनं नाक भरलेलं. आणि धाकटा बघतोय कुठं, तर मागं, नदीपल्याड. तिथं उघडा दगडी उतार, एक झाड न्हाई.

"अक्का, आपलं गाव असं दिसतं व्हय?"

"लग्न झाल्यापासून मला असंच दिसून राहिलंय, बाबा."

तो खाली बसून हसायला लागला. भावजयीनं वाळत घातलेलं एक कांडं उचललं, मोडलं, आत बघितलं. केशरी. नातीच्या हातावर घासून बघितलं, रंग धरला.

"पोरीला हीच लावायची," ती म्हणाली. बाजारची पुडी पिशवीत परत टाकायला गेली.

माय, त्या दिवशी मी गावभर सांगत फिरले. कुणी विचारलं न्हाई तरी सांगितलं.

हे पत्र कुठं टाकणार? हळदीच्या डब्यातच ठेवते. आणि एक तुलाच सांगते. ती पुडी मी भावजयीच्या हातातून मागून घेतली. पुढच्या संक्रांतीलाही धाड म्हटलं. पोतीच्या पोती पिकतेत, तरी तुझ्या पुडीबिगर डबा रिकामाच वाटतो.

हळद वाळली की धाकटा नि भावजय न्यायला येतेत. पाडव्याच्या दुसऱ्या दिवशी.