मदत न करण्याची नोकरी

शीलुओ, मे महिन्याची बावीस तारीख

तीर्थस्वरूप ताईस,

धाकट्या आ-शुईचा कमरेतून वाकून नमस्कार. (जितकी वाकते तितक्या कमरेतून.) तुमच्या ह्वालिएनला पुन्हा भूकंप झाल्याचं टीव्हीवर पाहिलं आणि भावजींच्या काचेच्या कपाटाची काळजी वाटली. तुझी वाटली नाही, घराबाहेर पळण्यात तू लहानपणापासून पटाईत. भावजींची साखर आता किती असते? त्यांना पपई दाखवूच नकोस. इकडे सगळे खुशाल आहेत, मी सोडून. मला काय झालंय तेच मला कळत नाही, म्हणून हे लांबण लावतो आहे.

आपली नात त्साय-वेई यंदा तिसरीत. डाउन सिंड्रोम आहे म्हणून डॉक्टरांनी ती जन्मली तेव्हाच सांगून ठेवलं होतं, की पोरगी शिकेल, पण तिच्या वेळेनं शिकेल. गावच्याच शाळेत, चोवीस पोरांच्या वर्गात ती बसते. तिच्या शेजारी बसणाऱ्या मदतनीस बाई मार्चमध्ये बाळंतपणाला गेल्या, बदली मिळेना, आणि नेमकं तेव्हाच जिल्ह्याच्या शिक्षण कचेरीचं पत्र आलं: दोन बाया वर्ग बघायला येणार, मग सभा होणार, आणि पोरीनं इथंच राहायचं की बसनं तासभर लांबच्या शाळेतल्या वेगळ्या वर्गात जायचं ते ठरणार. सूनबाईचं जेवणावरचं मन उडालं. मुलगा कारखान्यात रांजणांकडे बघत उभा राहायला लागला. मी म्हटलं, रडता काय, मी जातो मदतीला! चौथीतून शाळा सोडून ज्यानं हातगाडीवर सोया सॉस विकला आणि आज ज्याचे चारशे रांजण उन्हात उभे आहेत, त्याला तिसरीचा वर्ग काय जड जाणार? (जड गेला. पुढं वाच.)

वर्गशिक्षिका श्यू बाई म्हणजे माझ्या मुलीच्या वयाची, चष्मेवाली, आवाज मऊ आणि आतून पोलाद. पहिल्याच दिवशी त्यांनी मला नियम सांगितले. पोरीला एका वेळी एकच गोष्ट सांगायची. सांगून झाली की मनात दहा आकडे मोजायचे, तोवर तोंड उघडायचं नाही, कारण ऐकलेलं आत पोचायला आणि उत्तर बाहेर यायला तिला वेळ लागतो. आता तू मला ओळखतेस. बाईंनी विचारलं, "सात आणि पाच किती?" मी मोजायला लागलो आणि चारवर पोचताच माझ्या तोंडून "बारा" निघून गेलं. वर्ग हसला. बाई म्हणाल्या, "शाबास आजोबा, पण प्रश्न तुम्हाला नव्हता." दुसऱ्या दिवशी मी तिची पेन्सिल टोकदार केली, तिच्या बाटलीत पाणी भरलं, तिचं चित्रसुद्धा थोडं रंगवलं (आकाश फिकट झालं होतं), तर बाईंनी माझी खुर्ची तिच्या बाकापासून हातभर मागं सरकवली. आठवड्यानं आणखी दोन हात. तिसऱ्या आठवड्यात मी झाडू ठेवायच्या कपाटाला टेकून बसलो होतो. ताई, मला मदतीला बोलावलं आणि मदत केली की माझी खुर्ची मागं जाते, हा कुठला हिशेब? मी बाईंना तसं विचारलंही. त्या म्हणाल्या, "तुम्ही सॉस भरून झाकण लावल्यावर रांजण रोज ढवळता का?" मी म्हटलं, "नाही हो, सहा महिने हात लावत नाही. पण रांजणाची कुठं परीक्षा असते?" त्यावर त्या नुसत्या हसल्या. माझा गोंधळ तसाच राहिला.

खरी गंमत कचेरीच्या बाया आल्या त्या बुधवारी झाली. त्साय-वेईच्या बाकाच्या कडेला दिवसभराची चित्रं एकाखाली एक चिकटवलेली असतात: गणित, खेळ, जेवण, झोप, साफसफाई. एक झालं की ती ते चित्र काढून डब्यात टाकते आणि पुढच्याकडे बघते. तोंडी सांगितलेलं निसटतं, डोळ्यांनी पाहिलेलं राहतं, असं बाईंचं म्हणणं, आणि ते खरं आहे. त्या सकाळी म्हटलं पाहुणे येणार, बाक जरा चकचकीत करू. पुसताना सगळी चित्रं खाली पडली. मी ती उचलली आणि शहाण्या माणसासारखी ओळीनं लावली. आता मी पडलो पहाटे चारला उठणारा. माझा दिवस कसा, तर काम, अकराला डुलकी, मग जेवण. तसंच लावलं. त्यात चूक आहे हे माझ्या डोक्यातही आलं नाही.

गणित संपलं. खेळ संपला. श्यू बाई पाहुण्यांना आणायला फाटकापर्यंत गेल्या. त्साय-वेईनं खेळाचं चित्र डब्यात टाकलं, खालचं पाहिलं, दप्तरातून छोटी उशी काढली आणि उठून दिवे बंद केले. (दिवे बंद करायचं काम वर्गानं तिलाच दिलेलं आहे आणि ती ते कधी चुकत नाही.) जेवणानंतर दिवे गेले की बाकावर डोकं ठेवून झोपायचं, हे आपल्याकडच्या पोरांच्या हाडातच असतं. बघता बघता चोवीस डोकी बाकांवर! वाढायची पाळी म्हणून पांढऱ्या टोप्या घालून तयार असलेली चौघं पोरंही टोप्यांसकट आडवी झाली. दारात भाताची आणि सूपाची भांडी वाफाळत होती आणि जागा मी एकटा. तेवढ्यात दार उघडलं.

झोपेची वेळ म्हणून सगळे कुजबुजत बोलायला लागले. बाई कुजबुजल्या, "आजोबा, हे काय?" मी कुजबुजलो, "मला काय माहीत?" कचेरीतली एक बाई घड्याळाकडे बघायला लागली. तेव्हा पहिल्या बाकावरचा दिंग-युआन डोळे मिटूनच म्हणाला, "आजोबांनी चित्रं उलटसुलट लावलीत. आम्हाला दिसलं होतं."

"मग सांगितलं का नाहीस रे?"

"फुकटची झोप कोण सोडतं, बाई?"

मी चित्रं नीट करायला धावलो, तर श्यू बाईंनी हात आडवा केला. त्या त्साय-वेईजवळ गुडघ्यावर बसल्या, म्हणाल्या, "सूप आलंय. आता काय?" आणि गप्प राहिल्या. मी मोजायला लागलो. तीनवर माझं तोंड उघडलं, ते मी हातानं धरलं. सहा. सात. कचेरीतल्या बाईनं वहीत काहीतरी लिहिलं आणि मी मनात म्हटलं, पोरगी गेली बसनं! नऊवर त्साय-वेईनं दारातल्या भांड्यांकडे पाहिलं, चित्रांकडे पाहिलं, झोप खाली आणि जेवण वर केलं, दिवे लावले आणि वळून मला म्हणाली, "आजोबा, बाहेर बसा." चोवीसच्या चोवीस पोरं हसली. मी बाहेर बसलो. सूपही कुणी विचारलं नाही.

काल सभा झाली. कचेरीच्या बाईंनी कागद वाचला: वर्गातला मोठ्या माणसाचा आधार टप्प्याटप्प्यानं कमी करावा. मी ताडकन उठलो. म्हटलं, लहान पोरीचा आधार काढून घेता, लाज नाही वाटत? सूनबाईनं माझा सदरा ओढला आणि कानाशी म्हणाली, "बाबा, खाली बसा. तो आधार म्हणजे तुम्ही." असो. मी काही मनाला लावून घेतलेलं नाही. उलट बरं झालं, कारखान्याकडे बघायला मोकळा झालो. भावजींना नमस्कार.

तुझा धाकटा,
आ-शुई

ता. क. : मुख्य गोष्ट राहिलीच. पोरगी इथंच राहणार, त्याच वर्गात. सूनबाई काल दोन वाट्या भात जेवली.

ता. क. दुसरा : कारखान्याकडे बघतो म्हटलं ते खोटं. आज सकाळपासून तीनदा शाळेच्या भिंतीपाशी जाऊन आलो. तिसऱ्यांदा श्यू बाईंनी खिडकीतून हात हलवला, आणि ये म्हणून नाही, जा म्हणून. तेव्हा तू मला सुट्टी लागेपर्यंत तिकडं बोलावून घे. कारण तूच शोध. छप्पर गळतंय म्हण, भावजी ऐकत नाहीत म्हण. माझ्या पत्रामुळं बोलावलंस असं दिसता कामा नये.

ता. क. तिसरा : महिनाभर ह्वालिएनला जातोय, असं त्साय-वेईला आत्ताच सांगून टाकलं. आणि या खेपेला पूर्ण दहा मोजले. दहावर ती म्हणाली, "बरं," आणि आपली बाटली आपण भरायला गेली. आता हे चांगलं की वाईट, एवढं मात्र उलट टपालानं कळव.