पट्ट्याला केस

ताईला वाकून नमस्कार,

इकडे काळजीचं काही नाही. हे अजून दवाखान्यातच आहेत, पण दोन घास खातात. तुझे गुडघे कसे आहेत?

आमचा म्हातारा कुत्रा मेला, हे यांना सांगितलेलं नाही. रोज रिकामा पट्टा घेऊन बागेत जाते. जिथे कुत्र्यांना मोकळं सोडतात, त्या कुंपणाशी बसते. मग दुसऱ्यांच्या कुत्र्यांच्या खोड्या आपल्याच्या म्हणून यांना सांगते. हे पट्टा हातात धरून ऐकतात. थापा मारण्यात मी पटाईत झाले आहे.

आज म्हणाले, "हल्ली पट्ट्याला केस नसतात गं." थोड्या वेळाने म्हणाले, "तू मात्र बागेत जात राहा. मी नसलो तरी."

दोन घास खातात हीसुद्धा थापच आहे, ताई. भाऊजींच्या जेवणाची सोय लाव आणि ये.

तुझी,
धाकटी