पोरीचा गुडघा, पाहुण्यांची पसंती

१२ ऑक्टोबर
बोंबला! पुलगावच्या कबड्डी मॅचमध्ये चढाईवरून परत वळली, कोणी हातही नाई लावला, अन् गुडघ्यात कटकन आवाज. मैदानातच बसली. सर म्हणे, "आचल, नाटकं नको करू!"

१४ ऑक्टोबर
वर्धेच्या डॉक्टरनं सांगितलं, लिगामेंट तुटला. पोरींचा हा पोरांपेक्षा जास्त वेळा तुटतो म्हणे. उडीनंतर नीट उतरायचा, मांड्यांच्या ताकदीचा सराव आधी करून घेतला असता तर धोका कमी झाला असता. आमचा सराव म्हणजे पोरांचं होईपर्यंत मैदानावर पाणी मारणं! डॉक्टर म्हणे, "परत कबड्डी खेळायची तर ऑपरेशन करा."

बाबांनी त्यातलं एकच वाक्य घरी देवळीले आणलं — "पोरींचं तुटतेच."

१६ ऑक्टोबर
आई म्हणते, टाक्यांचे व्रण राह्यले त लग्नाचं कसं? गुडघ्यावर! पाहुणे काय साडी वर करून पाहतीन, विचारलं. चापट खाल्ली.

माह्या भावाचा, धीरजचा, खांदा क्रिकेटात निखळला तवा आठ दिवसांत नागपूरले ऑपरेशन अन् वर डिंकाचे लाडू. मले शेजारच्या आनंदाबाईची तेलाची मालिश. लाडू काऊन नाई? तर म्हणे, वजन वाढते!

२ नोव्हेंबर
हिंगणघाटचे पाहुणे येऊन राह्यले, मले पाहायले. आई रोज चालायचा सराव घेते — ओसरी ते देवघर, देवघर ते ओसरी. "लंगडू नको!" सरांनी अख्ख्या मोसमात एवढा सराव नाई घेतला.

५ नोव्हेंबर
पोहे झाले, चहा झाला. पोरगा ऋतिक, मोबाईलमधून मान वर नाई. त्याची आई सुलोचनाबाई म्हणे, "जरा चालून दाखव, बाई." आजच्या काळात! चालली. दात आवळून, एकदम सरळ. त्यांनी जागेवरच पसंती सांगितली.

पाहुणे गेल्यावर बाबा खूश — "पाहा, मस्त चालते! ऑपरेशन कायले पाह्यजे?"

मोरीत जाऊन रडली. मले खेळायचं आहे, बस्स.

६ नोव्हेंबर
सुलोचनाबाईले लपून फोन केला. गुडघ्याचं सारं खरं सांगितलं. "बरं" म्हणून त्यांनी ठेवून दिला. आता मोडते लग्न, अन् मी खाते मार.

७ नोव्हेंबर
बाबा ऑपरेशनची तारीख घेऊन आले! वरपक्षाची अट — आधी पोरीचा गुडघा. "त्यांचं म्हणणं हाय त करावंच लागन!"

सुलोचनाबाईले परत फोन लावला. हळूच म्हणाल्या, "माहाही तुटलाता, पोरी. खो-खोत. तीस वर्षं झाली, दात आवळून सरळ चालून राह्यली."