उभं राहायचा पगार

२ नोव्हें., रवि.
परत तेच. म्हणे उभाच होतास. अहो आप्पा, मी स्ट्रायकर. उभा राहणार नाहीतर काय बॉलमागं कोंबडीसारखा पळणार? दोन सीझन सांगतोय. पण आप्पा पडले लेबर कॉन्ट्रॅक्टर. चाकणच्या कंपन्यांत त्यांची पोरं, मी पण त्यातलाच. तिथं जो उभा दिसला त्याचा हाफ डे, म्हणजे निम्माच पगार. फुटबॉल क्लब पण आप्पांचाच, मग नियम पण तोच. आज ३-१ जिंकलो, दोन गोल माझे. हजेरी वहीत माझ्यापुढं हाफ डे.

४ नोव्हें.
कोच सरांना सांगितलं. म्हणाले, "बाळा, तू जागेवर उभा राहतोस म्हणून आपण जिंकतो. जागा सोडू नको."
म्हटलं, हे आप्पांना सांगा.
"मलापण पगार तेच देतात."

६ नोव्हें.
महिनाअखेर नव्या सीझनची यादी. नाव नाही लागलं तर बॅग उचलून गडहिंग्लज, दाजींचं पंक्चरचं दुकान. दाजी आत्तापास्नं आईला विचारायलेत, कधी येतोय म्हणून. नाही जायचं. काय वाट्टेल ते करीन, पण

९ नोव्हें., रवि.
पळून दाखवलं. कॉर्नर त्यांचा, थ्रो आमचा, कुणाचं काही असू दे, मी तिथं. आमच्याच बॅकला दोनदा धडकलो. तो म्हणतो, "भावा, तुझं घर तिकडं हाय." शेवटी आमच्या गोलसमोर उंच उडून हेड मारला. बॉल आमच्याच जाळीत. ०-१.
आप्पांनी खांद्यावर हात टाकला. "आज कसं, कामावर आल्यासारखा वाटलास."
फुल डे. वर दोन तास ओव्हरटाइम.

११ नोव्हें.
लाइनवर पोरं मला ओव्हरटाइम म्हणून हाक मारतात. सुपरवायझर पण.

१६ नोव्हें., रवि.
हरलो असतो तर स्पर्धेतनं बाहेर. पहिला हाफ पळालो, ०-०, दम संपला. दुसऱ्या हाफला ठरवलं, बास. पेनल्टीच्या खुणेजवळ जाऊन उभा राहिलो. आप्पा खुर्चीवरनं, "ए गडहिंग्लज, बस चुकली का तुझी?" सगळं मैदान हसलं. हललो नाही. बॉल एकदाच आला. पाय लावला. १-०.
नंतर आप्पा वही घेऊन, "गोल मारलास, झ्याक केलंस. पण त्याला लागलं एक मिनिट. बाकीचा वेळ काय केलंस?"
सर पहिल्यांदाच मधी पडले. "आप्पा, तो उभा होता म्हणूनच गोल झाला."
आप्पांनी सरांकडं वरनं खालपर्यंत बघितलं. "तुमी बी उभंच होता की."
दोघांना हाफ डे.

१८ नोव्हें.
यादीचं विचारलं. आप्पा म्हणाले, "आधी सांग, रविवारी पळणार का न्हाई?" म्हटलं, बघतो. आणि आलो निघून. पहिल्यांदाच.
सांगवीच्या एका क्लबचा फोन आलता. त्यांनी पण विचारलं, पळतोस का. म्हटलं, गोल मारतो. कळवतो म्हणाले.
आईला सांगितलं, या वेळी कमी आहेत, दाजींना आकडा सांगू नको. पाठवले १,७५०.