काउंटी कोर्टाची खुर्ची आणि शुक्रवारचं बार्बेक्यू

८ डिसेंबर
फॉर्म भरला. काउंटी क्रिमिनल कोर्टाच्या जजपदासाठी मी, लॉयड हुबेनाक, उभा. समोर कित्येक वर्षं खुर्ची अडवून बसलेल्या जज विल्मा ओचोआ. गेल्या महिन्यात या बाईंनी मला भर कोर्टात सुनावलं, की वकीलसाहेब, उशीर हा तुमचा बचाव नाही, सवय आहे. आता कळेल. टेक्सासात जज लोकांच्या मतांवर निवडून येतो, आणि इथले लोक मला लहानपणापासून ओळखतात. डार्लीन म्हणाली, "तीच तर काळजी आहे." बायकोला राजकारण कळत नाही.

१० जानेवारी
संकल्प : रोज एक अख्खी गल्ली, दारोदार. आज पहिल्याच दारात कुत्रं. कुत्र्याला मत नसतं, मग वेळ का दवडा? उरलेली गल्ली उद्या.

११ जानेवारी
गुडघा धरलाय. त्यापेक्षा लोकांच्या अंगणात पाट्या लावू. 'हुबेनाक : कडक, पण आपला.' डार्लीनने विचारलं, "जज आहे का कॉफी?" दुर्लक्ष केलं.

३ फेब्रुवारी, सकाळ
सुचलं! शुक्रवारी २७ तारखेला फुकट बार्बेक्यू, चर्चसमोरच्या मैदानात. फुकटच्या बीफ ब्रिस्केटला नाही म्हणणारा टेक्सन अजून जन्मायचाय. ओचोआबाई त्या दिवशी चर्चच्या स्वयंपाकघरात मदत करणार म्हणे. प्रचार सोडून! कीव आली.

२७ फेब्रुवारी, दुपार
रस्ताभर गाड्या. सगळ्या समोर, चर्चमध्ये.
ईस्टरआधीचे उपासाचे शुक्रवार. मांस वर्ज्य, मासे चालतात. अर्धी काउंटी चेक, अर्धी मेक्सिकन आणि जवळजवळ सगळी कॅथलिक. चर्चमध्ये तळलेल्या माशांची पंगत, आणि एप्रन बांधून वाढतायत कोण, तर ओचोआबाई. माझा बाप्तिस्मा याच चर्चमधला. हे माझ्या लक्षात यायला हवं होतं, असं डार्लीनचं मत. मग तिनेच का नाही सांगितलं? म्हणे सांगितलं होतं, मी भाषण पाठ करत होतो.
फादर रस्ता ओलांडून आले. म्हणाले, "लॉयड, वास फार छान सुटलाय रे. आज तेवढंच पाप पुरे." आणि परत गेले. डार्लीनने तिकडून मला एक प्लेट आणून दिली. मासे चांगले होते. हे लिहायला नको होतं.

३ मार्च
मतदान झालं. हरलो. आकडे लिहीत नाही, डोळ्यांना त्रास होतो. कारणं : कॅलेंडर. मासे. पोप.

४ मार्च
सकाळी त्याच कोर्टात, त्याच बाईंपुढे. वेळेवर पोचलो होतो. बाई म्हणाल्या, "आज वेळेवर? बरं वाटलं, वकीलसाहेब." टोमणा असता तर परवडला असता, पण त्या मनापासून बोलल्या. मला ती खुर्ची खरंच हवी होती. आज तिच्याकडे बघवेना.
शेजारी माझा पक्षकार डॅरेल. दारू पिऊन गाडी चालवल्याची केस. वकील परवडत नाही म्हणून कोर्टाने मला त्याच्या गळ्यात बांधलंय. हळूच कानाशी येऊन म्हणाला, "साहेब, माझं मत तुम्हालाच. आईलाही सांगून तुम्हालाच द्यायला लावलं."
एकाला तरी माझ्यातला जज दिसला होता. त्याचा हात धरून विचारलं, का रे?
म्हणाला, "तुम्ही त्या खुर्चीत जाऊन बसला असता, तर मला दुसरा वकील मिळाला असता ना."